न जुळलेली सही

लिबी गेल्याचं ओरलिक गावाला कळलं ते शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. ती गेली होती त्याच्या तीन तास आधी. मधल्या तीन तासांत निम्मं गाव तिच्यासमोरून गेलं होतं आणि बहुतेकांनी तिला हात केला होता.

ओरलिकच्या मुख्य रस्त्यावर चौदा दुकानं, त्यातली नऊ बंद. हमरस्ता गावातूनच जातो. बंद काचा पाहून जाणाऱ्या-येणाऱ्याला गाव मेलेलं वाटू नये, म्हणून बायकांच्या मंडळानं आठ वर्षांपूर्वी शोकेसमध्ये पुतळे बसवले. जुने कपडे, आत पेंढा, डोक्याच्या जागी उशीची खोळ. पहिल्या वर्षी खोळींवर डोळे-तोंड काढलं होतं. पोरं रात्रीची दचकून उठायला लागली, तेव्हा चेहरे धुऊन टाकले. कुणी पुस्तक धरून बसलेलं, कुणी काउंटरमागे उभं, कुणी खिडकीशी. कपडे लिबी शिवायची, ऋतूप्रमाणे बदलायची. उन्हाळी कपडे सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आधी उतरलेच पाहिजेत, हा तिचा नियम होता. गाडीतून जाताना पुतळ्यांना हात करायचा, ही गावाची जुनी थट्टा. पुढे पुढे ती थट्टाही राहिली नव्हती, सवय झाली होती.

त्या शनिवारी ती होर्कीच्या बंद किराणा दुकानापासून सुरुवात करायला गेली. दुकानात गारठा म्हणून अंगात निळं स्वेटर, आणि काचेतून ऊन डोळ्यांवर येतं म्हणून एका पुतळ्याची गवती टोपी काढून तिनं स्वतःच्या डोक्यावर चढवली. मग दमली असावी. शोकेसमधल्या खुर्चीत बसली, मान खाली घातली आणि तशीच राहिली.

तिचा नवरा एमिल वोंद्रा अकरा चाळीसला त्या रस्त्यानं धान्याच्या कोठाराकडे गेला. त्यानं काचेत निळं स्वेटर पाहिलं आणि मनात म्हणाला, घ्या, आता स्वतःचं स्वेटरही पुतळ्याला दिलं. सुकाणूवरची दोन बोटं उचलून त्यानं हात केला. येताना पुन्हा केला.

ती सापडली एमिलच्या बहिणीला, अल्बीनाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बिनलग्नाची, आयुष्यात गाडी शिकली नाही. ती तेवढी चालत गेली म्हणून तिला दिसलं, की पुतळ्याच्या पायांत पायमोजे आहेत आणि एका पायमोज्याला रफू केलेलं आहे.

एमिल पोचला तेव्हा त्यानं लिबीचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. क्षणभर त्याला वाटलं, सगळे वेडे आहेत, ही झोपली आहे. डॉक्टर म्हणाला, ऊन आहे ते, एमिल. काचेतलं ऊन.

तेव्हापासून ओरलिकमध्ये कुणी पुतळ्यांना हात करत नव्हतं. गाड्या प्रत्येक काचेसमोर हळू व्हायच्या. काही जण काच खाली करून नीट बघायचे आणि मगच पुढे जायचे. शोकेसमध्ये जायला कुणाचा पाय धजला नाही. कामगार दिन होऊन गेला तरी नऊही दुकानांतले पुतळे उन्हाळ्याच्या पातळ कपड्यांत बसून होते.

*

मतमोजणी झाली ती त्या शनिवारनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी.

प्रश्न एकच होता. गावातल्या विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची भर घालायची, पंधरा वर्षं, आणि तो पैसा गावाच्या विकासनिधीत टाकायचा, की नाही. मतदान टपालानं. प्रत्येकाच्या घरी मतपत्रिका येणार. ती भरून पांढऱ्या कागदी खोळीत घालायची, खोळ नाव छापलेल्या पाकिटात, पाकिटावर सही करायची आणि हार्मनच्या कौंटी म्हणजे जिल्हा कचेरीत पाठवायची.

एमिलच्या घरात या अर्ध्या टक्क्यानं भिंत उभी केली होती. धाकटा मुलगा कर्ट विकास समितीचा अध्यक्ष. चार वर्षांपूर्वी ओमाहा शहरातली नोकरी सोडून बायकोमुलीसह गावात आलेला. निधी उभा राहिला तर पहिलं कर्ज होर्कीचं दुकान पुन्हा उघडायला मिळणार होतं, आणि उघडणार होता कर्टच. दुसरं कुणी पुढे आलंच नव्हतं. नाही उभा राहिला तर लिंकन शहरातली एक नोकरी त्याच्यासाठी थांबली होती. त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. थोरल्या मुलीचा, जॅनिनचा, नवरा रॉस याचं हमरस्त्यावर टायरचं दुकान. त्याचं म्हणणं, दर वाढला की गिऱ्हाईक टायर घ्यायलाही हार्मनला जाईल. आणि गावाच्या कराच्या पैशावर मेव्हण्यानं दुकान थाटायचं, ही कुठली रीत. हे तो कर्टच्या तोंडावर म्हणाला होता, ईस्टरच्या जेवणात, हॅम कापता कापता.

लिबीनं कुणाचीच बाजू घेतली नाही. मत आणि वजन सांगायचं नसतं, असं ती म्हणायची, आणि पंचेचाळीस वर्षांत तिनं एमिललाही दोन्हींतलं काही सांगितलं नव्हतं. जायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, हाताचा आडोसा करून तिनं मतपत्रिका भरली, खोळीत घातली, खोळ चिकटवली. म्हणाली, "माझं झालं. तुझं तू बघ. पाकिटांवर सह्या शनिवारी करू, आता माझं पीठ फुगलंय."

शनिवारी काय झालं ते वर आलंच आहे.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी एमिलला ती खोळ ब्रेडच्या डब्यामागे सापडली. मेलेल्या माणसाचं मत मोजत नाहीत, एवढं त्याला माहीत होतं. तो बराच वेळ खोळ हातात धरून उभा राहिला. हे तिनं शेवटचं केलेलं काम, आणि ते केराच्या टोपलीत जाणार, हे त्याला सहन होईना. त्यानं खोळ आपल्या नावाच्या पाकिटात घातली. उघडून पाहिली नाही. पाकिटावर स्वतःची सही केली, तिकीट लावलं आणि पेटीत टाकून आला. त्याची स्वतःची मतपत्रिका ड्रॉवरमध्ये कोरीच राहिली.

मंगळवारी संध्याकाळी कर्टचा फोन आला. होय एकशे त्रेसष्ट, नाही एकशे त्रेसष्ट. समसमान झालं की प्रस्ताव पडला, असा नियम आहे.

"म्हणजे पडला?" एमिलनं विचारलं.

"पडला. पण एक पाकीट उघडलेलं नाही, बाबा. सहीची काहीतरी भानगड आहे."

एमिलनं फोन ठेवला. कुणाचं पाकीट, ते त्यानं विचारलं नाही.

*

बुधवारी सकाळी हार्मनहून वांडा मेहलरचा फोन आला. कौंटी कचेरीत ती पंचवीस वर्षं मतदारांच्या याद्या सांभाळते. तिनं आधी लिबीबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि मग अवघडत म्हणाली, की पाकिटावरची सही मतदार नोंदणीच्या कार्डावरच्या सहीशी जुळत नाही. अजिबात जुळत नाही. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत त्यानं स्वतः येऊन खुलासा केला, तर पाकीट उघडता येईल.

एमिलला कारण लगेच कळलं.

लग्न एप्रिलमधलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मका काढायच्या यंत्रानं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. जखम भरेपर्यंत त्याच्या नावाच्या सह्या लिबी करायला लागली. जखम भरली. डाव्या हातानं तो जेवायला शिकला, गाडी चालवायला, पाना फिरवायला शिकला. सही मात्र तिच्याकडेच राहिली. शेत विकून गावात आल्यावर मतदार म्हणून नाव घातलं, ती दोन्ही कार्डंही तिनंच भरली होती.

दुपारी त्यानं कपाटातला पत्र्याचा डबा काढला. शेताचं खरेदीखत, विम्याचे कागद, पोरांची प्रगतिपुस्तकं, जॅनिनच्या लग्नाची चर्चमधली नोंद. सगळीकडे एमिल वोंद्रा. सगळीकडे तिचं अक्षर, पहिल्या अक्षराला खाली बारीक वळण देऊन वर नेलेलं. तो एकेक कागद उलटत गेला आणि त्याला गार वाटायला लागलं. कागदांवर जो एमिल वोंद्रा होता, ज्यानं शेत घेतलं, विकलं, मुलीचं लग्न लावलं, तो माणूस शनिवारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. उरलेल्या माणसाची सही कुणी ओळखत नव्हतं.

*

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला एमिलकडे जमले. बोलावलं होतं अल्बीनानं. डुकराचं भाजलेलं मांस, उकडलेले मैद्याचे गोळे, आंबवलेला कोबी. खसखशीचे कोलाचे, लिबीच्या हाताचे गोड पाव, फ्रीजरमध्ये होते, ते मात्र कुणी बाहेर काढले नाहीत. बाहेर वारा नव्हता. त्या मुलखात वारा पडला की माणसं बोलता बोलता थांबून कानोसा घेतात, तसं सगळ्यांचं चाललं होतं.

कुणाचं पाकीट ते एव्हाना पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलापर्यंत पोचलं होतं.

सुरुवात रॉसनं केली. त्यानं सासऱ्यांच्या ताटात गोळा वाढला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, की तीस मैल जायचं, तीस मैल यायचं, हा हेलपाटा कशासाठी. सासूबाईंना जाऊन दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. कुणीही समजून घेईल.

जॅनिन नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचं मत आहे, रॉस. जायचं का नाही ते बाबा ठरवतील."

ती कालपर्यंत रॉसच्या बाजूनं बोलत होती. रॉसनं काटा खाली ठेवला. "मी कुठं नाही म्हणतो? पण पाकिटात काय आहे ते कुणाला ठाऊक? बाबा माझ्या बाजूचे निघाले म्हणजे?"

"तुझ्या बाजूचे असते," कर्ट म्हणाला, "तर तूच त्यांना गाडीत घालून नेलं असतंस. नवे टायर लावून."

अल्बीनाला हसू आलं, तिनं ते रुमालात दाबलं. रॉसही अर्धवट हसला. मग सगळे गप्प झाले, कारण अशा वेळी लिबी म्हणायची, हातघाईवर यायचं असेल तर आधी ताटं उचला.

कर्टची बायको डेनिस लिंकनमधल्या एका घराबद्दल बोलली. भाड्याचं आहे, अंगण लहान आहे, शाळा जवळ आहे. ती कुणाला टोचून बोलत नव्हती. नुसतं सांगत होती, पण त्यात शाळेचं नावसुद्धा आलं, आणि एमिलला कळलं, की नात मनानं कधीच तिकडे गेलेली आहे. ही तिघं गेली की गावात त्याचं रक्ताचं असं अल्बीना तेवढी उरणार होती. रॉसचं दुकान गावात असलं तरी जॅनिन हार्मनच्या पलीकडे राहायची.

जॅनिन म्हणाली, "मी उद्या नेते तुम्हाला, बाबा."

"मला गाडी चालवता येते," एमिल म्हणाला.

पुढे गोष्ट भलतीकडेच गेली. करावरून तोंडाला तोंड लागलं. रॉस म्हणाला, दहा वर्षांपूर्वी नळाच्या पाइपांसाठी वाढवलेला कर अजून उतरलेला नाही. कर्ट म्हणाला, त्या पाइपांतलंच पाणी तू आत्ता पितोयस. जॅनिन पुन्हा नवऱ्याकडे वळली आणि भावाला म्हणाली, की रॉसचं दुकान बुडलं तर तुझ्या निधीतून आम्हाला किती मिळणार आहे. अल्बीना, जी वर्षभर होय म्हणून दारोदार फिरली होती, ती एक शब्द बोलली नाही. ताटं उचलून आत गेली.

एमिल तिच्यामागे गेला. ओट्यावर दफनाच्या दिवशी शेजाऱ्यांनी आणलेली रिकामी काचेची भांडी मांडलेली होती, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ती परत करायची होती. अल्बीनाकडे पाठ करून तो एकेक भांडं उलटं करून नावं वाचायला लागला.

"चिकटपट्टी शोधताना तुझा ड्रॉवर उघडला मी," अल्बीना हळूच म्हणाली. "तुझी मतपत्रिका तिथं कोरी पडलीय."

एमिलनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मग पाकिटात काय आहे?"

"तिची."

अल्बीनानं नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. "काय करून गेली ती, माहीत आहे तुला?"

"नाही."

"बघितलं नाहीस?"

"चिकटवलेली होती."

तिनं हात पाण्याखाली धरले. "एमिल, वर्षभर मी या करासाठी चपला झिजवल्या. तरी सांगते, जाऊ नकोस. तिनं होय म्हटलं असेल तर ठीक. नाही म्हटलं असेल तर? पोरगा मरेपर्यंत विचार करत बसेल, की आईनं मला गावात राहू दिलं नाही."

"आणि नाही गेलो तर तो जातोच आहे."

"जाईल. पण आईनं घालवलं म्हणून नाही जाणार."

कर्ट मागच्या दारात उभा आहे हे दोघांनाही दिसलं नव्हतं. त्यानं किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. तो म्हणाला, "बाबा, जरा बाहेर या."

अंगणात दोघं कुंपणाला टेकले. पलीकडच्या शेतातला मका वाळला होता. एक पान हलत नव्हतं. कर्ट बोलला ते कराबद्दल नव्हतं.

"त्या शनिवारी मी होर्कीसमोरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा मी हॉर्न वाजवला. म्हटलं, काय मस्त बसवलाय पुतळा. अगदी आईसारखा."

एमिलला बोलायचं होतं. त्यानं डावा हात सुकाणूवर ठेवल्यासारखा कुंपणावर ठेवला आणि दोन बोटं उचलून दाखवली.

"तुम्हीसुद्धा?"

"दोनदा," एमिल म्हणाला.

*

शुक्रवारी तो एकटा गेला. वांडानं कार्ड काढून ठेवलं होतं. चाळीस वर्षांनी पिवळं पडलेलं. तिनं ते टेबलावर त्याच्याकडे वळवून सरकवलं, शेजारी पाकीट ठेवलं. एकीकडे लिबीचं वळण. दुसरीकडे त्याची पाकिटावरची अक्षरं, डाव्या हातानं ओढलेली, तारेच्या कुंपणासारखी.

"ही सही तुमची आहे?" वांडानं कार्डावर बोट ठेवलं.

"सही माझीच. हात तिचा."

वांडाला नवल वाटलं नाही. जुन्या शेतकरी घरांत असं पुष्कळ निघतं, म्हणाली. दोनच गोष्टी करायच्या. नव्या कार्डावर सही, म्हणजे जुनं रद्द होईल. आणि या कागदावर दुसरी सही. आधी तिनं एक कोरा कपटा पुढे केला. "हात बसवून घ्या. घाई नाही."

एमिलनं डाव्या हातात पेन धरलं. पहिलं अक्षर काढायला घेतलं आणि पेन खाली गेलं, बारीक वळण घेऊन वर आलं. हात थांबला नाही. आडनावाच्या शेवटापर्यंत गेला आणि तिथं लिबी जसं टिंब दाबून द्यायची तसं टिंब दिलं. उभ्या आयुष्यात त्यानं ते वळण काढलं नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

वांडानं कपटा कार्डाशेजारी धरला. एकदा कपट्याकडे बघितलं, एकदा कार्डाकडे. "आता तर जुळते," ती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली गेला होता. "मग नवं कार्ड नको. या कागदावर अशीच सही करा, झालं."

कागदावर दोन ओळी होत्या. सोबतच्या पाकिटातली मतपत्रिका माझी असून ती मी स्वतः भरली आहे, हे मी शपथेवर सांगतो. एमिलनं ते दोनदा वाचलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

पहिल्या ओळीपर्यंत त्याला स्वतःची समजूत घालता आली असती. नवरा-बायकोत माझं-तुझं कुठून काढायचं. मत त्या घरातलं होतं, त्याच टेबलावर भरलेलं. पण स्वतः भरली, हे खरं नव्हतं. आणि तिची शेवटची गोष्ट खोट्या शपथेवर उघडायची, हे त्याच्या घशाखाली उतरेना. कर्ट कुंपणाशी उभा त्याच्या डोळ्यांपुढे आला. लिंकनमधलं लहान अंगण आलं. तो कागद त्यानं आणखी एकदा वाचला.

"सही नाही केली तर या पाकिटाचं काय होतं?"

"तसंच बंद राहतं. खाली तळघरात बावीस महिने ठेवायचं आणि मग न उघडता जाळायचं."

"कुणी बघत नाही?"

"कुणीच नाही."

एमिलनं पाकीट तिच्याकडे सरकवलं. "तळघर कोरडं आहे ना?"

"कोरडं आहे," वांडा म्हणाली.

त्यानं टोपी घातली. ज्या कपट्यावर हात बसवला होता तो त्यानं मागून घेतला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि निघाला.

*

गावात शिरल्यावर तो घरी गेला नाही. होर्कीच्या दुकानाची किल्ली त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच होती. मागच्या दारानं आत गेला. लिबीनं आणलेली शरदातल्या कपड्यांची खोकी अजून काउंटरवर होती, एक उघडलेलं, आणि त्यातला कोट अर्धा बाहेर काढलेला.

तो शोकेसमध्ये चढला. उभ्या पुतळ्याचा पातळ सदरा काढला, कोट चढवला. कोट त्याचाच होता, शेतावरचा. डाव्या हातानं बटणं लावायला वेळ लागला. मग शेजारी टोपली घेऊन उभ्या बाईच्या पुतळ्याचा झगा बदलला. पेंढ्यातून उंदराचा वास येत होता. पाठ दुखायला लागली तेव्हा खुर्ची तेवढी जवळ होती. बसायचं की नाही याचा विचार त्यानं केला, आणि बसला. खुर्चीची पाठ ऊबदार होती. ऊनच ते. काचेतलं ऊन.

रस्त्यावरून एक गाडी आली आणि हळू झाली. आतल्या बाईनं काच खाली करून पाहिलं. एमिलच्या लक्षात आलं, आपण हललो नाही तर ही इथंच गाडी थांबवेल. त्यानं हात वर केला. बाई दचकली, मग तिनंही हात केला, आणि गाडी पुढे गेली. दुसरी आली. त्यानं हात केला. तिसरी आली. बसल्या बसल्या त्याला प्रत्येकाला हात करावा लागत होता, मी जिवंत आहे म्हणून. मधेच त्याच्या मनात आलं, तिलाही सुरुवातीला हात उचलता येत होता का. आणि आपण दोन बोटं उचलली तेव्हा ती आपल्याकडे बघत होती का, टोपीच्या खालून. याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं. शेजारचे दोन्ही पुतळे बिनचेहऱ्यांनी रस्त्याकडे बघत होते.

कर्टची गाडी आली ती थांबलीच. तो उतरून काचेशी आला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. एमिलनं दोन्ही हात वर केले. कर्टनं कपाळ काचेला टेकवलं, मग वळसा घालून मागच्या दारानं आत आला.

"सही केलीत?"

"नाही."

कर्टनं मान हलवली. का नाही, ते त्यानं विचारलं नाही. एमिलच म्हणाला, "काल तू दारात होतास."

"होतो. पण नळ चालू होता."

"पाकिटात माझी मतपत्रिका नव्हती. तुझ्या आईची होती."

कर्ट खोक्याच्या कडेवर बसला. बाहेर आणखी एक गाडी हळू झाली; दोघांनीही तिला हात केला आणि ती गेली.

"काय केलं असेल तिनं?" कर्टनं विचारलं. विचारताना त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

"मला नाही सांगितलं. कुणालाच नाही सांगितलं."

"तुम्हाला काय वाटतं?"

एमिलनं विचार केला. खिशावरून हात फिरवला, कपटा जागेवर होता. "मला वाटतं, तिनं तुझं भलं बघितलं असेल. ते कुठल्या चौकोनात होतं ते मला माहीत नाही."

एमिलनं टोपलीवाल्या पुतळ्याची पेंढ्याची बाही उचलली. "हा हात धर. मला एका हातानं आत सरत नाही."

कर्टनं हात धरला. ऊन उतरेपर्यंत होर्कीची काच झाली, शेजारच्या औषधाच्या दुकानाची झाली, जुन्या बँकेची झाली. लिंकनला काय कळवायचं ते कर्ट बोलला नाही आणि एमिलनं विचारलं नाही. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. शेजाऱ्यांची भांडी ओट्यावर होती. सहा दुकानांचे कपडे बदलायचे राहिले होते.